लेप निघालेली तार गंजते का?

ब्रेसेसमधील दातांच्या रंगाच्या तारेचा लेप काही आठवड्यांतच जागोजागी सुटला, तर आतला धातू गंजेल का आणि त्यापेक्षा साधी तार बरी होती का, असे आपण विचारले आहे. मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे आणि काढलेल्या तारा भिंगाखाली पाहण्याची मला सवय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

साधी तारही तशी उघडी नसते. स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम असते आणि त्याच्या ऑक्साइडचा अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा थर तारेला जपतो. निम्म्याहून अधिक निकेल असलेल्या निकेल-टायटॅनियमच्या तारेत हेच काम टायटॅनियमचा ऑक्साइड करतो. हा थर ओरखडला, तरी ऑक्सिजन मिळताच आपोआप पुन्हा तयार होतो. टेफ्लॉनचा किंवा इपॉक्सीचा लेप मात्र एकदा फाटला की भरून येत नाही.

अखंड असेपर्यंत हा लेप लाळेतील क्लोराइडला धातूपासून दूर ठेवतो, यात शंका नाही. पण काढलेल्या तारेवर मला बहुधा असे दिसते, की ब्रॅकेटच्या (तार धरण्यासाठी दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्याच्या) कडेशी लेप मागे सरकून सुरकुतलेला असतो आणि त्याच्याखालच्या बारीक फटीत पिवळट कीटण बसलेले असते. अशा फटीत लाळ साचून राहते, तिथला ऑक्सिजन संपतो, आम्लता वाढते, ऑक्साइडचा थर पुन्हा धरत नाही आणि धातूला बारीक खड्डे पडू लागतात. म्हणजे फाटक्या लेपाखालची ती एवढीशी जागा उघड्या तारेपेक्षाही अधिक झिजू शकते. काही तारांवर अशा लेपाऐवजी ऱ्होडियम या धातूचा मुलामा असतो, त्याची अडचण वेगळी आहे: तो धातू स्वतः गंजत नाही, परंतु त्याला छिद्र पडले, तर त्याच्या सान्निध्यामुळेच खालचा धातू अधिक वेगाने विरघळू शकतो.

यातून सुटणारे निकेल रोजच्या आहारातून पोटात जाणाऱ्या निकेलपेक्षा सहसा बरेच कमी असते, त्यामुळे घाबरू नये. मात्र निकेल असलेल्या कृत्रिम दागिन्यांनी आपल्या त्वचेला खाज सुटत असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. बीटा-टायटॅनियमच्या तारेत निकेल नसते. आम्लधर्मी फ्लोराइड जेल टायटॅनियमचा ऑक्साइड खाते, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे. नेहमीची फ्लोराइड टूथपेस्ट मात्र मुळीच थांबवू नये, कारण ब्रॅकेटभोवतीच्या दातांना तिची फार गरज असते.

माझ्या मते लेपाची तार केवळ दिसण्यासाठी निवडावी, गंजरोधासाठी नव्हे. सुटलेला लेप नखाने सोलू नका. पुढच्या भेटीत तार बदलून मागा.