बाळ जन्मतः अपंग असेल आणि आईवडिलांनी उपचार नाकारले, तर त्यात गैर काय?

सांभाळायचं आईवडिलांनाच आहे, मग नाही म्हणायचा हक्कही त्यांचाच, असं तुम्ही लिहिलंय. मला हा प्रश्न बाळंतपणानंतर दुसऱ्याच दिवशी विचारला गेला होता, म्हणून उत्तर देते.

माझ्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे एक गुणसूत्र जन्मतःच जास्त असतं आणि मूल हळूहळू शिकतं. दूध पाजलं की हिरवी उलटी व्हायची. एक्स-रेत पोटात हवेचे दोन फुगे दिसत होते, त्यांच्याखाली काहीच नाही. जठराच्या पुढचं आतडं जन्मतःच बंद होतं. डाउन सिंड्रोमच्या बाळांत हा दोष इतर बाळांपेक्षा बराच जास्त आढळतो. ऑपरेशनने वाट मोकळी करता येते आणि नव्वद टक्क्यांहून जास्त बाळं वाचतात. पण सर्जनने आम्हाला विचारलं, "ऑपरेशन करायचंच आहे का?" तो 'च' अजून माझ्या कानात आहे. डाउन सिंड्रोम नसता तर "इथे सही करा, उशीर नको" एवढंच म्हणाले असते.

उपचाराचा उपयोग नाही म्हणून तो न करणं वेगळं आणि हे मूल जगून उपयोग नाही म्हणून न करणं वेगळं. आम्हाला विचारलेला प्रश्न आतड्याबद्दल नव्हताच.

१९८२ साली अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनमध्ये असंच एक बाळ जन्मलं. 'बेबी डो' म्हणून ते ओळखलं जातं. डाउन सिंड्रोम होता आणि अन्ननलिका जठराला जोडलेली नव्हती. आईवडिलांनी ऑपरेशन नाकारलं, राज्याच्या कोर्टांनी तो निर्णय मोडला नाही. दत्तक घ्यायला लोक तयार होते. सहा दिवसांत बाळ गेलं. 'उपचार केले नाहीत' हे ऐकायला किती सौम्य वाटतं, पण त्या बाळाला अन्नपाणी मिळत नव्हतं.

त्यानंतर १९८४ मध्ये तिथे कायदा बदलला. बाळ कायमचं बेशुद्ध असेल, उपचारांनी फक्त मरण लांबणार असेल किंवा उपचार जवळपास निष्फळ आणि बाळासाठी अमानुष ठरणार असतील, तरच ते न करण्याची मुभा राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातही अपंगत्वाच्या कारणावरून उपचार किंवा अन्नपाणी नाकारू नये, असं स्पष्ट आहे.

हे अपवाद मला मान्य आहेत. आमच्या शेजारच्या पेटीतल्या बाळाच्या मेंदूचा बराचसा भाग तयारच झाला नव्हता. त्याच्या आईने व्हेंटिलेटर नको म्हटलं आणि शेवटपर्यंत त्याला छातीशी धरून बसली. तिने त्या बाळाला टाकलं, असं कुणी म्हणू नये.

राहिला सांभाळायचा प्रश्न. तो खरा आहे, पैसा आणि झोप दोन्ही जातात. पण त्यासाठी मदत मागायची असते, दत्तक देण्याचा मार्ग असतो. त्याची किंमत बाळाने का मोजायची?

कुणावर अशी वेळ आली तर सर्जनला सरळ विचारा, "हा दुसरा आजार नसता तर तुम्ही काय केलं असतं?" आणि सही करण्याआधी असं मूल वाढवणाऱ्या कुणाशी तरी बोला. पहिल्या दिवशी आम्हाला तिला काय काय जमणार नाही, एवढंच सांगितलं गेलं. अशी आई मला भेटली ती ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी, एनआयसीयूबाहेरच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या) बाकावर. सोबत तिचा अकरा वर्षांचा मुलगा होता. माझे सिझेरियनचे टाके ओले होते, वाकता येत नव्हतं. तो खाली बसला आणि त्याने माझ्या सँडलचा पट्टा लावून दिला.