संगणक तापून बंद पडतो आहे की ओव्हरक्लॉकमुळे?

आपण लिहिल्याप्रमाणे गेम सुरू केल्यावर वीसेक मिनिटांत संगणक कधी एकदम बंद होतो, तर कधी निळी स्क्रीन दाखवून पुन्हा सुरू होतो. प्रोसेसरचे तापमान ९२ अंशांपर्यंत जाते, ओव्हरक्लॉकसाठी (म्हणजे ठरलेल्यापेक्षा अधिक वेगाने चालवण्यासाठी) प्रोसेसरचे कोअर व्होल्टेज आपण १.२५ वरून १.३५ व्होल्ट केले आहे आणि रॅमचे एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारे तयार सेटिंग) चालू आहे. नवा कूलर घ्यावा का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते एवढ्यात घेऊ नये, कारण हे दोन वेगळे बिघाड असू शकतात आणि कूलरने फार तर त्यांतला एक जाईल.

आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या मर्यादेला टेकले की आधी स्वतःचा वेग उतरवतात. तरीही तापमान चढत राहिले, तर वीज थेट तोडली जाते. त्या क्षणी विंडोजला काही लिहायला सवडच मिळत नाही, म्हणून केवळ उष्णतेने बंद पडलेला संगणक सहसा निळी स्क्रीन दाखवत नाही. मात्र चिप तापलेली असताना तोच वेग सांभाळायला तिला थोडे अधिक व्होल्टेज लागते, त्यामुळे ७० अंशांना ठणठणीत वाटणारा ओव्हरक्लॉक ९२ अंशांना कोसळू शकतो. त्यावर उपाय म्हणून व्होल्टेज वाढवावे, तर उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: आपल्या बदलाने, वेग तोच धरला तरी, साधारण १७ टक्के.

इव्हेंट व्ह्यूअरमधील (विंडोजच्या नोंदवहीतील) कर्नल-पॉवर ४१ ही नोंद पाहून अनेक जण लगेच पॉवर सप्लाय बदलतात. ती नोंद फक्त एवढेच सांगते की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. तिच्या तपशिलातील बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनचा त्रुटी क्रमांक, पाहावा. तो शून्य असेल, तर बहुधा वीज तुटली किंवा संगणक जागीच गोठला. शून्य नसेल, तर निळी स्क्रीन आली होती. शेजारी व्हिआ-लॉगरच्या (विंडोजच्या हार्डवेअर-त्रुटी नोंदवणाऱ्या भागाच्या) १८ किंवा १९ क्रमांकाच्या नोंदी असतील, तर हार्डवेअरनेच चूक पकडली आहे आणि संशयाची सुई ओव्हरक्लॉककडे वळते.

आता बायोस (मदरबोर्डवरील मूळ नियंत्रण सॉफ्टवेअर) पूर्णपणे मूळ सेटिंगवर आणावे, एक्सएमपीसकट. एक्सएमपी हाही ओव्हरक्लॉकच आहे, हे पुष्कळ जण विसरतात. त्यानंतर तोच गेम दोन दिवस खेळावा आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रामची नोंद फाइलमध्ये चालू ठेवावी, कारण संगणक पडल्यावर स्क्रीनवरचे आकडे हाती लागत नाहीत. त्रास थांबला, तर आधी फक्त एक्सएमपी चालू करून मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामच्या चार फेऱ्या रात्रभर चालवाव्यात. एकही चूक दिसली, तर रॅमचा वेग एक पायरी खाली आणावा. प्रोसेसरला त्यानंतरच हात लावावा.

त्याच फाइलमध्ये तापमान कसे चढते, तेही पाहावे. दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढत असेल, तर धूळ किंवा कॅबिनेटमधील हवेचा प्रवाह तपासावा. भार पडताच दोन सेकंदांत चाळीसवरून नव्वदीत उडी मारत असेल, तर बहुधा कूलर नीट टेकलेला नाही. माझ्याच संगणकात असे झाले होते. कूलर उचलून पाहिला, तेव्हा एका कोपऱ्यातली, प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट ट्यूबमधून पिळली तशीच, न चेपता राहिली होती; त्या बाजूची पिन आत बसलीच नव्हती. नवा कूलर मी तोवर जवळजवळ मागवला होता.

मूळ सेटिंगवर आणि ८० अंशांखालीही निळी स्क्रीन येत राहिली, तर रॅमची एकेक पट्टी काढून पाहावी. प्रोसेसर इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीतील डेस्कटॉपचा असेल, तर बायोस सर्वांत आधी अद्ययावत करावे: त्यांच्यातील वाढीव व्होल्टेजच्या दोषावर ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांची) दुरुस्ती आली आहे, पण आधीच झालेली इजा तिने भरून निघत नाही. बगचेक कोड आणि फाइलच्या शेवटच्या दहा ओळी येथे दिल्यास पुढचे सांगता येईल.