पगार झाला त्या संध्याकाळी

सांगली

प्रिय मुला,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

कुपवाडच्या एमआयडीसीत लागल्यापासून उपासना चुकतेय, प्रार्थना कशीबशी उरकली जातेय, आणि तरी मन म्हणतं की देवच पहिला, असं तू लिहिलंस. मन काय म्हणतं त्यावर जाऊ नकोस. बायबलात 2 राजे 17:33 मध्ये शोमरोनात परदेशातून आणून वसवलेल्या लोकांबद्दल लिहिलंय की ते परमेश्वराचं भय धरत आणि आपापल्या दैवतांचीही सेवा करत. परमेश्वराला त्यांनी सोडलं नव्हतं, इतरांच्या रांगेत बसवलं होतं.

मूर्ती म्हटलं की आपल्या मंडळींचं बोट आधी शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे जातं. तसं करू नकोस. यहेज्केल 14 मध्ये देवाने ज्यांना दोष दिला ते इस्राएलाचे वडील होते, संदेष्ट्यासमोर येऊन बसलेले, आणि मूर्ती त्यांच्या मनात होत्या. पौलाने लोभाला मूर्तिपूजा म्हटलं तेही कलस्सैच्या मंडळीला लिहिताना.

शिवाय देवाच्या जागी बसणारी ही मूर्ती बहुतेक वेळा चांगल्याच गोष्टीची होते. पितळी सर्प मोशेने देवाच्या सांगण्यावरून केला आणि त्याच्याकडे बघून सर्पदंश झालेली माणसं वाचली. पुढे लोक त्यालाच धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाला तो फोडावा लागला (2 राजे 18:4). तुझी नोकरी, घरच्यांचं कौतुक, ठरत आलेलं लग्न, अगदी तरुण संघाचं सेक्रेटरीपदसुद्धा, यातलं वाईट काहीच नाही. म्हणूनच ते ओळखू येत नाही.

ओळखायला एक वही कर. सात दिवस, रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटं, चार रकाने: मोकळा वेळ कुठे गेला, पैसा कुठे गेला, धास्ती कशाची वाटली, खोटं कशासाठी बोललो. फोनवरची मिनिटं सेटिंग्जमध्ये बघून लिही, अंदाजाने नको. अंदाज करताना आपण स्वतःला सूट देतो. चौथ्या रकान्याकडे नीट बघ. माणूस ज्याच्यासाठी खोटं बोलतो, त्याला तो सहसा देवापेक्षा जास्त घाबरत असतो. यात हमखास एक चूक होते: दुसऱ्या दिवसापासूनच सुधारणा सुरू होते आणि वही देखणी होते. सातही दिवस फक्त लिही, काही बदलू नकोस.

आता पैसा. हातात 18,000 येत असतील तर 1,800 त्याच संध्याकाळी काढून पाकिटात ठेव, गाडीचा हप्ता जायच्या आधी. हप्ता आणि घरखर्च जाऊन तेवढं झेपत नसेल तर 900 ठेव, पण आधी काढ. महिनाअखेर उरेल ते देऊ म्हटलं की काही उरत नाही, कारण उरलेल्याला आधीच दहा वाटा फुटलेल्या असतात. पौलही करिंथकरांना आठवड्याच्या पहिल्या दिवशीच बाजूला काढायला सांगतो. दशांश दिला की बढती मिळते असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. ती धनाचीच चाकरी आहे, वर शास्त्रवचनाचं वेष्टन घातलेली.

ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला, हे वाचून राजीनामा लिहायला बसू नकोस. त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा. मधली बावीस वर्षं विसरायची नसतात. तू पाकिटापासून सुरुवात कर.

आईवडिलांना पाठवायचे पैसे मात्र देवाच्या नावाने अडवू नकोस. ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून आईबापांचा वाटा बुडवणाऱ्यांना येशूने मार्क 7 मध्ये सरळ ढोंगी म्हटलंय.

सकाळचं सांगतो. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि गजराचं साधं घड्याळ घे. गजर फोनवर असला की तो बंद करता करता बोट व्हॉट्सॲपवर जातं. बायबल छापील घे, याच कारणाने. वीस मिनिटं पुरेत: पाच मिनिटं एक स्तोत्र, आठ-दहा मिनिटं मार्कचा अर्धा अध्याय, उरलेली प्रार्थना. मार्कचे 16 अध्याय महिन्याभरात होतात. तुझी पाळी बदलती आहे, म्हणून वेळ घड्याळाला बांधू नकोस. ‘उठल्यावर, फोन हातात घेण्याआधी’ एवढंच धर; रात्रपाळी करून दुपारी उठलास तरी तेच. पहिल्याच आठवड्यात तासभर बसायला जाशील तर तिसऱ्या आठवड्यात सगळंच सुटेल.

रील्स बंद केल्या आणि तो वेळ मोकळाच ठेवला, तर मत्तय 12 मधल्या झाडून ठेवलेल्या रिकाम्या घराचं झालं तसं होईल: बाहेर गेलेला दुष्ट आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत आला. इस्राएलाचा पुढारी गिदोन याने बआल या दैवताची वेदी पाडली, परमेश्वराची बांधली आणि अशेरा देवीच्या खांबाचं लाकूड होमाला वापरलं. तसंच वाचलेल्या वेळाला काम दे. मिरजेच्या दवाखान्यांबाहेर लांबून आलेले नातेवाईक रात्र काढतात. आठवड्यातून एका संध्याकाळी तासभर तिथे जा, चहा दे, औषधाचं दुकान दाखव, त्यांचं ऐकून घे. मात्र त्याचे फोटो स्टेटसला टाकू नकोस. याच गिदोनाने पुढे 1,700 शेकेल सोन्यातून एफोद, म्हणजे याजकी वस्त्र, केला आणि तोच त्याच्या घराला पाश झाला.

राहिली रविवारची पाळी. गुरुवारपर्यंत सोबतच्या कामगाराशी बोल, मग दोघं मिळून सुपरवायझरला सांगा. बदल्यात त्याची दिवाळीतली पाळी तू कर आणि ती कुरकुर न करता कर. बदली मिळाली नाही तर त्या रविवारी कामावर जा आणि संध्याकाळी पाळकसाहेबांना भेट. आजारी असल्याचा निरोप पाठवून उपासनेला येऊ नकोस.

वही भरली की घेऊन ये. चौथा रकाना दाखवायचा नसेल तर दाखवू नकोस, पण प्रार्थनेत तो देवासमोर मोठ्याने वाच.

तुझा प्रभूतील,
काका