इंग्रजी वाक्य सिम्पल, कंपाउंड की कॉम्प्लेक्स, हे कशावरून ओळखायचं?

दापोलीहून तुम्ही लिहिलंय की मुलगी दहावीला आहे. 'अँड' दिसलं की ती कंपाउंड (संयुक्त) लिहिते, वाक्य लांब असलं की कॉम्प्लेक्स (मिश्र), आणि 'डू ॲज डायरेक्टेड' म्हणजे सूचनेप्रमाणे वाक्य बदलायच्या प्रश्नात गुण जातात. या दोन्ही खुणा फसव्या आहेत. तिला आधी क्रियापदं मोजायला शिकवा.

मोजायचं ते फक्त कर्ता आणि काळ यांना धरून चालणारं क्रियापद. 'वेंट' एक, 'हॅव सोल्ड'ही एकच, कारण सहायक क्रियापद मुख्याबरोबरच धरतात. 'टु सेल', 'हॅविंग सोल्ड', किंवा आधी 'इज-वॉज' नसलेलं नुसतं 'सेलिंग' मोजायचं नाही. 'हॅविंग सोल्ड द फिश ॲट हर्णै, शी वेंट होम टु कुक लंच' हे एवढं लांब वाक्य सिम्पलच आहे, क्रियापद एकच: 'वेंट'. मराठीत 'हर्णैला मासळी विकून ती जेवण करायला घरी गेली' हे केवल वाक्य असतं, अगदी तसंच. 'द बोट्स अँड द नेट्स आर ओल्ड' हेही सिम्पल. तिथे 'अँड'ने दोन नामं जोडलीत, दोन विधानं नाहीत.

क्रियापदं दोन निघाली तर जोडणारा शब्द बघा. अँड, बट, ऑर, नॉर, सो, येट असेल तर कंपाउंड. बिकॉज, ऑल्दो, इफ, अनलेस, व्हेन, अंटिल, हू, व्हिच, दॅट असेल तर बहुधा कॉम्प्लेक्स. शंका आली तर तो भाग एकटा वाचायचा: 'बिकॉज द फेरी वॉज लेट' ऐकणारा पुढच्या शब्दांची वाट बघत राहतो, म्हणजे तो गौण भाग. 'सो' आणि 'सो दॅट' यांत मुलं हमखास चुकतात. पहिलं कंपाउंड करतं, दुसरं कॉम्प्लेक्स. आणि कधी जोडणारा शब्द गाळलेलाच असतो: 'द मँगोज वी बॉट इन रत्नागिरी वेअर स्वीट'. इथे 'बॉट' आणि 'वेअर' अशी दोन क्रियापदं आहेत, मधला 'व्हिच' लपलाय; वाक्य कॉम्प्लेक्स.

एका जागी मतभेद आहे. 'द फेरी लेफ्ट दाभोळ अँड रीच्ड धोपावे' यात कर्ता एक, क्रियापदं दोन. आपल्याकडे शाळेत हे कंपाउंड धरतात. अमेरिकी पद्धतीच्या व्याकरणात याला सिम्पल म्हणतात. परीक्षेपुरतं शाळेचं धरा, आणि इंटरनेटवर वेगळं दिसलं तर गोंधळू नका.

रूपांतरासाठी याद्या पाठ करून घेण्यापेक्षा एकच गोष्ट तीन प्रकारे लिहायला लावा, ते जास्त टिकतं:

सिम्पल: इन स्पाइट ऑफ द स्टॉर्म, द बोट्स रिटर्न्ड.
कंपाउंड: देअर वॉज अ स्टॉर्म, बट द बोट्स रिटर्न्ड.
कॉम्प्लेक्स: ऑल्दो देअर वॉज अ स्टॉर्म, द बोट्स रिटर्न्ड.

'इन स्पाइट ऑफ'नंतर नाम येतं, 'ऑल्दो'नंतर कर्ता-क्रियापद. 'बिकॉज ऑफ' आणि 'बिकॉज' यांचंही तसंच. बऱ्याच चुका इथेच सुधारतात. उरलेली मोठी चूक मराठीतून येते. आपण 'जरी-तरी' आणि 'ज्याअर्थी-त्याअर्थी' जोडीने वापरतो, म्हणून मुलं 'ऑल्दो… बट' आणि 'बिकॉज… सो' लिहितात. इंग्रजीत दोन विधानांना एकच जोडशब्द पुरतो, दुसरा खोडायचा.

असर्टिव्ह (विधानार्थी), इंटरॉगेटिव्ह (प्रश्नार्थी), इम्परेटिव्ह (आज्ञार्थी), एक्स्क्लमेटरी (उद्गारार्थी) हे वर्गीकरण वेगळं, हेतूवरून केलेलं. ते या तिघांत मिसळू नका. त्यात जपायचं ते उद्गारार्थी वाक्यात: 'हाउ कॅल्म द सी इज!' असं लिहायचं, 'हाउ कॅल्म इज द सी' नाही. प्रश्नासारखं क्रियापद कर्त्याच्या आधी आणलं की शाळेच्या पेपरात ते चूक धरलं जाऊ शकतं.