परदेशात आजारी पडलेल्या आईचा ट्रॅव्हल इन्शुरन्सचा क्लेम नाकारला, आता काय करावं?

आईंना (वय ७२, बीपीची गोळी चालू) अमेरिकेत छातीत दुखलं म्हणून ॲडमिट केलं आणि पुण्यात काढलेल्या पॉलिसीने 'पूर्वीचा आजार' म्हणत क्लेम नाकारला, असं तुम्ही लिहिलंय.

नकार लेखी आणि कलमासकट मागा. 'टर्म्सप्रमाणे देय नाही' एवढ्यावर भांडता येत नाही. सोबत प्रपोजल फॉर्मची (पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची) प्रत मागवा, कारण गाडी तिथेच अडते. एजंटने फॉर्म भरताना बीपीपुढे 'नाही' टिकलेलं सापडणं काही नवीन नाही! बीपी लिहिलेलं असेल तर बाजू भक्कम. मनमोहन नंदा विरुद्ध युनायटेड इंडिया (डिसेंबर २०२१) हे प्रकरण अमेरिकेला गेलेल्या प्रवाशाच्याच मेडिक्लेमचं. सांगितलेला आजार माहीत असून पॉलिसी दिली, तर त्याच आजाराकडे बोट दाखवून कंपनीला हात झटकता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलंय. तक्रारीत हा निकाल घालाच. लिहिलेलं नसेल तर अवघड आहे. मग जिवावर बेतल्यास पूर्वीच्या आजारालाही ठरावीक रकमेपर्यंत संरक्षण आहे का, ते पॉलिसीत शोधा.

दुसरा घोळ इमर्जन्सीतल्या नोंदीत असतो. घाबरलेले नातेवाईक 'हार्टचा जुना त्रास' म्हणून जातात आणि तेच वाक्य नकाराच्या पत्रात उतरतं. आईंच्या सहीच्या संमतीपत्रावर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून पूर्ण फाइल आणि आयटमाइज्ड (प्रत्येक खर्च वेगळा दाखवणारं) बिल मागवा. त्रास नवा की जुना, याबद्दल तिथल्या डॉक्टरांचं पत्र घ्या. इथल्या फॅमिली डॉक्टरांची तारखांसह जुनी प्रिस्क्रिप्शन्स आणि ईसीजी जोडा.

हे सगळं कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवून पोच ठेवा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी) जा. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील चालत नाही, तक्रारीवर सही आईंचीच हवी. दावा ५० लाखांपर्यंतचा, मुदत कंपनीच्या अंतिम नकारापासून १ वर्ष. निवाडा कंपनीवर बंधनकारक. तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोग आहेच. उलटा क्रम मात्र नको: आयोगात केस चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. (पॉलिसी अमेरिकन कंपनीची असती तर इथला लोकपाल कामाचा नव्हता.)

दरम्यान हॉस्पिटलच्या बिलिंगला वाद चालू असल्याचं लेखी कळवून खातं होल्डवर ठेवायला सांगा आणि आर्थिक मदतीचा अर्जही मागा. गप्प बसलात तर बिल वसुली एजन्सीकडे जातं.