वाचकांचे प्रश्न : लहान पेट्रोल इंजिन चालवताना आणि बंद केल्यावर

जनरेटर, पाण्याचा पंप, गवत कापण्याचे यंत्र अशा यंत्रांवर बसवलेल्या लहान पेट्रोल इंजिनांविषयी आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहे. पत्रे वाचताना जाणवले की बहुतेकांना धास्ती वाटते ती धडधडत्या इंजिनाची. ते बंद झाले की आपण निर्धास्त होतो, आणि नेमक्या त्याच वेळी हात भाजणे, बोट कापले जाणे, पेट्रोल पेटणे किंवा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा भाग) निकामी होणे यांची सुरुवात होते. पहिला प्रश्न मात्र चालू इंजिनाचा आहे आणि जिवाशी गाठ असल्यामुळे तो आधी घेतो.

प्रश्न : वीज गेल्यावर आम्ही घराला लागून असलेल्या शेडमध्ये जनरेटर चालवतो. शेडचे दार पूर्ण उघडे असते, घराच्या खिडक्याही उघड्या ठेवतो आणि धूर बाहेर जावा म्हणून पंखा लावतो. एवढी काळजी पुरेशी आहे का?

उत्तर : पुरेशी नाही. हे उत्तर वाचून झाल्यावर जनरेटरची जागा बदलावी, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. त्यामुळे ‘धूर जाणवत नाही, म्हणजे हवा ठीक आहे’ हा आपला नेहमीचा अंदाज येथे पूर्णपणे फसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, म्हणून हवेत त्याचे प्रमाण थोडे असले तरी तो रक्तात साठत जातो आणि मेंदूला व हृदयाला प्राणवायू मिळेनासा होतो. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, हातापायांतली शक्ती गेल्यासारखी वाटते. थकवा आला असेल किंवा पित्त झाले असेल असे समजून माणूस आडवा होतो, आणि जो आधीच झोपला आहे त्याला तर काहीच कळत नाही.

उघड्या खिडकीचा आधार आपल्याला वाटतो, पण वाऱ्याची दिशा बदलली की त्याच खिडकीतून वायू घरात येतो. पंखाही कधी तो बाहेर ढकलतो, तर कधी आत ओढून घेतो. म्हणून जनरेटर मोकळ्या जागेत, दारेखिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर आणि सायलेन्सरचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेला करून ठेवावा. पाऊस असेल तर चारही बाजूंनी उघडे छप्पर चालेल, बंदिस्त शेड चालणार नाही. घरात बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा सूचक बसवणे उत्तम. कोणाला वर सांगितलेला त्रास जाणवू लागला तर सर्वांनी प्रथम घराबाहेर मोकळ्या हवेत यावे आणि लगेच वैद्यकीय मदत घ्यावी. इंजिन बंद करण्यासाठी धुराच्या जागेत परत शिरू नये.

याच कारणाने आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. जमिनीवर ठेवलेला पंप साधारण ७ ते ८ मीटरपेक्षा खोल असलेले पाणी खेचू शकत नाही, म्हणून काही जण पेट्रोल इंजिनाचा पंपच विहिरीत, खड्ड्यात किंवा तळघरात उतरवतात. तेथे वायू साचतो, आणि आधी उतरलेल्याला वाचवायला गेलेला माणूसही बेशुद्ध पडतो. एवढ्या खोलीसाठी पाण्यात बुडवून चालवायचा विजेचा पंप वापरावा. पेट्रोल इंजिन कधीही खाली नेऊ नये.

प्रश्न : टाकी रिकामी होत आली की मी इंजिन बंद करतो आणि लगेच पेट्रोल ओततो. इंजिन बंद असताना धोका कशाचा? प्लास्टिकचा कॅन मी गाडीच्या डिकीत ठेवूनच भरून आणतो.

उत्तर : धोका तापलेल्या सायलेन्सरचा आहे आणि दिसत नसलेल्या वाफेचा आहे. पेट लागतो तो पेट्रोलच्या द्रवाला नव्हे, तर त्याच्या वाफेला, आणि उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतसुद्धा पेट्रोलमधून पेट घेण्याइतकी वाफ निघत असते. ही वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असल्यामुळे वर उडून जात नाही. ती जमिनीलगत पसरते आणि काही अंतरावरच्या शेगडीपर्यंत किंवा पेटत्या विडीपर्यंतही पोहोचू शकते. बंद केल्यावरही बराच वेळ सायलेन्सर इतका गरम असतो की त्यावर सांडलेल्या पेट्रोलची क्षणात वाफ होते. म्हणून इंजिन बंद केल्यावर किमान १५ मिनिटे थांबावे. काम मोठे असेल तर टाकी सुरुवातीलाच भरून घ्यावी, म्हणजे मध्येच घाई करण्याची वेळ येत नाही. टाकी गळ्यापर्यंत भरू नये, कारण तापल्यावर पेट्रोल प्रसरण पावते. सांडलेच तर ते पुसून घ्यावे, यंत्र त्या जागेपासून दूर न्यावे आणि वाफ विरून गेल्यावरच इंजिन सुरू करण्याची दोरी ओढावी.

कॅनच्या बाबतीत आपण सांगितलेली सवय तातडीने मोडावी. पेट्रोल वाहताना स्थिर विद्युतभार निर्माण होतो. कॅन जमिनीवर ठेवलेला असेल तर तो जमिनीत निघून जातो, पण डिकीतल्या सतरंजीवर किंवा प्लास्टिकच्या अस्तरावर ठेवलेल्या कॅनमधून त्याला वाट मिळत नाही आणि ठिणगी पडू शकते. पेट्रोलसाठीच बनवलेला कॅन जमिनीवर ठेवून, नळीचे टोक कॅनच्या तोंडाला टेकवून भरावा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत पेट्रोल कधीही ठेवू नये. घरात लहान मुले असतील तर त्याचे कारण वेगळे सांगायला नको.

प्रश्न : पंपाचे इंजिन आणि खांद्याला अडकवायचे गवत कापण्याचे यंत्र, दोन्हींसाठी एकच ऑइल चालेल का? नवे इंजिन आणल्यावर पहिले ऑइल कधी बदलावे?

उत्तर : पंपांवर सहसा चार स्ट्रोकचे इंजिन असते, त्याचे ऑइल खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या कोठीत, वेगळे राहते. खांद्यावरची अनेक यंत्रे दोन स्ट्रोकची असतात. त्यांत वेगळे ऑइल नसून पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइलच पिस्टनला वंगण पुरवते. त्यामुळे ऑइलही वेगळे आणि पेट्रोलचा कॅनही वेगळा हवा, आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे. निर्मात्याने ५०:१ हे प्रमाण सांगितले असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, आणि २५:१ असेल तर ४० मिलिलिटर दोन स्ट्रोकचे ऑइल मापाने घ्यावे. अंदाजाने धार सोडू नये. चुकून निव्वळ पेट्रोल घातले गेले तर दोन स्ट्रोकचे इंजिन थोड्याच वेळात जाम होते आणि त्या बिघाडाचा खर्च बहुधा नव्या यंत्राच्या जवळ जातो.

चार स्ट्रोकच्या इंजिनात ऑइलची पातळी रोज, यंत्र सपाट जागेवर ठेवून आणि इंजिन बंद असताना पाहावी. काही इंजिनांत डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी) आट्यांत फिरवून आत बसवायची असते, तर काहींत नुसती टेकवायची असते; यात गल्लत झाली की पातळी चुकीची दिसते, म्हणून पुस्तिकेत पाहून घ्यावे. ऑइल कमी नको तसे जास्तही नको, कारण ते फेसाळते आणि धूर येऊ लागतो. नवे इंजिन अनेकदा ऑइल न भरताच विकले जाते, तेव्हा पहिली दोरी ओढण्याआधी खात्री करावी. पहिल्या काही तासांत नवे भाग एकमेकांवर घासून बसतात आणि धातूचा बारीक चुरा ऑइलमध्ये उतरतो. अशा बहुतेक इंजिनांत ऑइल फिल्टर नसल्यामुळे तो चुरा आतच फिरत राहतो. त्यामुळे पहिले ऑइल पुस्तिकेप्रमाणे ५ ते २० तासांत, आणि त्यानंतर सामान्यतः ५० ते १०० तासांनी बदलावे. इंजिन कोमट असताना ऑइल पूर्ण निथळते. काढलेले ऑइल मातीत किंवा गटारात न ओतता डब्यात साठवून जुने ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.

प्रश्न : चार महिने ठेवून दिलेले इंजिन आता दोरी ओढून हात दुखले तरी सुरू होत नाही. ठेवताना ते उत्तम चालत होते.

उत्तर : चालत होते ते ताज्या पेट्रोलवर. साठून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका भाग, ज्याच्यामुळे थंड इंजिन पेट घेते, तो उडून जातो आणि उरलेल्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीत, बसतो. त्या जेटचे छिद्र सुईच्या टोकाएवढे असते, त्यामुळे ते बंद व्हायला फार काही लागत नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतील ओलावा शोषते, आणि पाण्याचे प्रमाण वाढले की इथेनॉल व पाणी वेगळे होऊन तळाशी जमते. कार्ब्युरेटरला जाणारी नळी नेमकी तळातूनच निघते.

आता काय करावे? प्रथम पेट्रोलचा कॉक, बंद करण्याचे बटण आणि चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप) जागेवर आहेत का आणि ऑइल पुरेसे आहे का, ते पाहावे, कारण ऑइल कमी असल्यास काही इंजिनांत ठिणगीच बंद केली जाते. मग टाकी व कार्ब्युरेटरच्या तळाची वाटी रिकामी करून ताजे पेट्रोल भरावे. एवढ्यावरही सुरू झाले नाही तर प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा भाग) काढून पाहावा. तो ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे आणि ठिणगीत दोष असू शकतो; कोरडा असेल तर कार्ब्युरेटर उघडून जेट साफ करण्याची वेळ आली आहे. जेटमध्ये तार घालू नये, छिद्र मोठे होते. ठिणगी तपासताना प्लग बाहेर काढून इंजिनाच्या धातूला टेकवतात, तेव्हा तो प्लगच्या भोकापासून दूर धरावा, कारण दोरी ओढताच त्या भोकातून पेट्रोलची वाफ जोरात बाहेर येते.

पुढच्या वेळी महिन्याहून अधिक काळ इंजिन ठेवायचे असेल तर टाकी रिकामी करावी, इंजिन मोकळ्या जागेत आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि वाटीत उरलेले पेट्रोल तळाचा स्क्रू सैल करून काढून टाकावे. इंजिन थंड झाल्यावर प्लगच्या भोकातून चमचाभर स्वच्छ ऑइल घालावे, दोरी दोनतीनदा सावकाश ओढावी, प्लग बसवावा आणि मग दोरी जड लागेल तेथे थांबावे. त्या ठिकाणी दोन्ही झडपा बंद असतात आणि दमट हवा आत शिरत नाही.

प्रश्न : पात्यात अडकलेले गवत मी इंजिन बंद करूनच काढतो. तरी घरचे रागावतात. त्यांचे बरोबर आहे का?

उत्तर : त्यांचे बरोबर आहे. या इंजिनांना ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. फ्लायव्हील या जड चाकातला चुंबक कॉइलजवळून (तारेच्या वेटोळ्याजवळून) गेला की ठिणगी पडते, मग फ्लायव्हील दोरीने फिरो की हाताने. पाते थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, बसवलेले असेल तर गवत ओढताना पाते फिरते, त्याबरोबर फ्लायव्हील फिरते, आणि बंद करणारी वायर तुटलेली असल्यास सिलिंडरमध्ये उरलेल्या वाफेवर इंजिन एक झटका देऊ शकते. बोटासाठी तेवढा झटका पुरतो. आधी प्लगची टोपी काढून प्लगपासून दूर अडकवून ठेवावी, मगच हात घालावा, तोही जाड हातमोजे घालून. यंत्र कलते करायचे असेल तर कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टरची बाजू वर राहील असे करावे. मी सुरुवातीला एकदा उलट बाजूला कलते केले होते. रात्रभरात ऑइल सिलिंडरमध्ये उतरले आणि सकाळी दोरी हलेना. तेव्हा जोर न लावता प्लग काढला आणि दोरी हळू ओढून ऑइल बाहेर काढले.

प्रश्न : एअर फिल्टर पेट्रोलमध्ये धुतला तर चालतो का?

उत्तर : नाही. स्पंजचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा, पूर्ण वाळवावा, थोड्या इंजिन ऑइलने भिजवून घट्ट पिळावा. कागदाचा फिल्टर धुवू नये आणि त्याला ऑइलही लावू नये. हलके आपटून धूळ झाडावी, काळा पडला असेल तर बदलावा. फिल्टरशिवाय इंजिन एक दिवसही चालवू नये, कारण आत गेलेली धूळ पिस्टन रिंग आणि सिलिंडर झिजवते आणि ती झीज भरून येत नाही.

प्रश्न : जनरेटरवर भार जास्त पडला की इंजिन दमते. गव्हर्नरचा स्क्रू फिरवून वेग वाढवला तर चालेल का?

उत्तर : स्क्रूला हात लावू नये. गव्हर्नर हा इंजिनाचा वेग ठरावीक ठेवणारा भाग आहे. ५० हर्ट्झ वीज देणाऱ्या दोन ध्रुवांच्या साध्या जनरेटरचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर बांधलेले असते. वेग वाढवला की विजेचा दाब आणि वारंवारता दोन्ही वाढतात आणि जोडलेली उपकरणे जळू शकतात. फ्लायव्हील आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) यांच्यावरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि रॉड तुटला तर तो क्रँककेस फोडून बाहेर येतो. इंजिन दमत असेल तर जोडलेली उपकरणे कमी करावीत, एअर फिल्टर पाहावा आणि सिलिंडरवरच्या पंखांत (धातूच्या पातळ पट्ट्यांत) साचलेली धूळ, गवत काढावे, कारण हवेने थंड होणारे इंजिन तेथूनच श्वास घेते. स्क्रू आधीच फिरवला गेला असेल तर फेऱ्या मोजण्याचे यंत्र असलेल्या कारागिराकडून तो पूर्ववत करून घेईपर्यंत या जनरेटरला कोणतेही उपकरण जोडू नये.