काच आधी, मॉडेल नंतर

प्रिय डॉक्टर,

एमडी पॅथॉलॉजीनंतर पूर्णवेळ एआयच्या संशोधनात उतरावं का, असं तू विचारलंस. जरूर उतर, पण रोजचं रिपोर्टिंग सोडू नकोस. कोड लिहिणारे पुष्कळ भेटतील. नोडमधल्या (लसिकाग्रंथीतल्या) साध्या हिस्टिओसाइट्सना, म्हणजे सफाई करणाऱ्या पेशींना, मॉडेल मेटास्टॅसिस (पसरलेला कर्करोग) का म्हणतंय, हे मात्र तुलाच सांगावं लागेल.

विषय बारीक कर. ‘एआयने कर्करोग ओळखणे’ हा विषय होत नाही. ‘स्तनाच्या कर्करोगात सेंटिनेल नोडमधले (कर्करोग पसरताना आधी पोहोचतो त्या लसिकाग्रंथीतले) ०.२ ते २ मिमीचे मायक्रोमेटास्टॅसिस रोजच्या तपासणीत किती सुटतात’, हा होतो. सरावासाठी कॅमेलियॉन१६ हा खुला संच घे. नेदरलँड्समधल्या दोन रुग्णालयांच्या ३९९ स्लाइड्स आहेत. त्यावरचा २०१७चा शोधनिबंध वाचताना नुसत्या तक्त्यावर जाऊ नकोस. सर्वोत्तम मॉडेलचा एयूसी (१ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नुसता अंदाज) ०.९९४ आणि ११ पॅथॉलॉजिस्टांचा सरासरी ०.८१. पण त्या अकरा जणांना १२९ स्लाइड्ससाठी साधारण दोन तास होते, म्हणजे स्लाइडमागे मिनिटभरही नाही! वेळेचं बंधन नसलेल्या एका पॅथॉलॉजिस्टने सुमारे ३० तास घेतले आणि ०.९६६ गाठला. माणूस कोणत्या परिस्थितीत बसवला होता, हे प्रत्येक निबंधात आधी शोध.

आता तुझ्या स्वतःच्या स्लाइड्स. फॉर्मॅलिन (ऊतक टिकवणारं द्रावण) ऊतकाच्या दहापट हवं आणि स्तनाच्या नमुन्याला ६ ते ७२ तास. कमी पडलं तर केंद्रकं पुसट होतात, आणि मॉडेल तेही शिकतं. स्कॅन झाल्यावर लघुचित्र काचेशेजारी धरून बघ. फिकट चरबीचे आणि अगदी छोटे तुकडे स्कॅनर पुष्कळदा टिपतच नाही. मग मॉडेलने ‘चुकवलेला’ कर्करोग मुळात फाइलमध्येच नसतो. मार्करचे ठिपके स्कॅनआधी पुसून घे, कारण ते बहुधा गाठीशेजारीच असतात आणि मॉडेल पेशी सोडून शाई ओळखायला लागतं. आणखी एक: फाइलचं नाव बदललं तरी काचेवरच्या चिठ्ठीचा फोटो अनेकदा आतच राहतो, रुग्णाच्या नावासकट. तो वेगळा काढावा लागतो.

सगळ्यात जास्त निबंध बुडतात ते शिकवायच्या आणि तपासायच्या स्लाइड्सच्या विभागणीत. स्कॅनरच्या ४०एक्स वर्धनाला एक पिक्सेल साधारण ०.२५ मायक्रॉनचा. १५ मिमी चौरस सेक्शन (ऊतकाचा काप) म्हणजे ६०,००० गुणिले ६०,००० पिक्सेल, आणि २५६ पिक्सेलचे तुकडे केले तर जवळजवळ ५५,०००. शंभर रुग्णांची एकेक स्लाइड घेतली तरी पन्नास लाखांवर तुकडे होतात, पण तुझा नमुना शंभराचाच राहतो. विभागणी रुग्णावर कर, तुकड्यांवर कधीही नको. एकाच गाठीचे तुकडे दोन्हीकडे गेले की आकडे खोटे सुंदर दिसतात. शिवाय कर्करोगाच्या सगळ्या स्लाइड्स एका रुग्णालयातून आणि निरोगी दुसऱ्यातून घेतल्यास, तर मॉडेल रंगाची छटा शिकेल. साधी चाचणी कर: त्याच स्लाइड्सवर रुग्णालय ओळखायला एक मॉडेल शिकव. ते सहज ओळखत असेल, तर सावध हो. अंतिम तपासणी तिसऱ्याच रुग्णालयाच्या, आधी न उघडलेल्या स्लाइड्सवर.

लेबलिंग, म्हणजे कर्करोग कुठे आहे ते खुणावणं, क्यूपाथ या सॉफ्टवेअरमध्ये कर. दोघांनी एकमेकांचं न बघता वाचायचं, मतभेद तिसऱ्याकडे, शंका असेल तिथे सायटोकेराटिन (कर्करोगाच्या पेशी उठून दिसाव्यात म्हणून लावायचा रंग). थोड्या स्लाइड्स दोन आठवड्यांनी स्वतःच पुन्हा वाच आणि कप्पा (दोन वाचनं किती जुळतात याचा आकडा) काढ. संदिग्ध स्लाइड्स वगळायचा मोह होईल; वगळू नकोस, प्रत्यक्ष टेबलावर त्याच येतात.

निकाल मांडताना एयूसीवर थांबू नकोस. धर, स्क्रीनिंगमध्ये १,००० जणींत १० जणींना आजार आहे. संवेदनशीलता (आजारी ओळखणं) आणि विशिष्टता (निरोगी ओळखणं) दोन्ही ९० टक्के असली तरी ९ खऱ्या सापडतील आणि ९९ निरोगी जणींना इशारा जाईल. बारा इशाऱ्यांत एक खरा. ते उरलेले अकरा रिपोर्ट कोण वाचणार, हे निबंधात लिही.

पहिला निबंध मॉडेलचा नसला तरी चालेल. दोन वाचकांमधल्या मतभेदाचा अभ्यासही भक्कम निबंध आहे. पायथॉन इतकं शीक की ओपनस्लाइड या लायब्ररीने स्लाइडची फाइल उघडून मोजमाप घेता येईल. इंजिनिअरबरोबर लेखकांचा क्रम पहिल्याच बैठकीत लेखी ठरव.

एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी प्रोटोकॉल मला पाठव. आयसीएमआरची २०२३ची एआयविषयक मार्गदर्शक तत्त्वं शेजारी ठेवून तो लिही. लेबलिंगचा भाग मी आधी वाचेन.

तुझा,
सर